कोकण किनाऱ्यावरचं हिवाळी पक्षिनिरीक्षण: खारजमीन आणि बंदर एकाच दिवसात कसं बघावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोकणात पक्षी बघायला जाणाऱ्यांचा दिवस बहुतेकदा उलटा लागतो. सकाळी उठून थेट समुद्र गाठायचा, तिथे नेमकी ओहोटी, पक्षी पार आतल्या चिखलात. मग नाश्ता. मग दहा-अकराला शेतात, तेव्हा तिथे नुसतं ऊन. बंदरावर पोचावं तर लिलाव उरकून टोपल्या गेलेल्या. शेवटी यादीत बगळे, टिटव्या आणि प्रश्नचिन्ह लावलेले चार कुरव (गल पक्षी). पक्षी त्या दिवशी तिथेच असतात. क्रम मात्र चुकलेला असतो.

हा लेख रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यासाठी आहे. खाडीकाठची खारबंदिस्तीची, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या आतली, भातशेती आणि तिच्याजवळचं मासेमारी बंदर, म्हणजे अलिबाग, हर्णे, मिरकरवाडा अशा जागा डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या खाजण जमिनींनाही यातलं बरंचसं लागू पडतं. चिखलात वावरणारे स्थलांतरित पक्षी ऑगस्टपासूनच यायला लागतात, पण शेत आणि बंदर दोन्ही एकत्र बघायचं असेल तर भात कापून झाल्यावरच जावं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा.

१. दिवस निवडा: वार नंतर, तिथी आधी

रविवार मोकळा आहे म्हणून रविवारी जाणं ही पहिली चूक. किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळापेक्षा पाण्यावर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते खायला आत पांगतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि सगळे थवे मिळेल त्या कोरड्या जागी एकत्र येऊन विसावतात. जवळून, थव्याने आणि निवांत बघायची संधी याच वेळी मिळते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ६, द्वादशीला ९, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब अंदाजाचा आहे, तास-पाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून दिवस तिथीने ठरवा आणि अचूक वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात बघा. त्यात पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते. एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेव्हा सकाळच्या भरतीचा आकडा वेगळा बघून घ्या.

या कामासाठी सर्वांत चांगल्या तिथी त्रयोदशी आणि चतुर्दशी. त्यानंतर पौर्णिमा आणि अमावास्या. कारण समजून घ्या, म्हणजे बाकीचं वेळापत्रक आपोआप बसेल. चतुर्दशीला पहाटे चार-सव्वाचारला पूर्ण ओहोटी आणि साडेदहाला पूर्ण भरती. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे सव्वाआठ-साडेआठपर्यंत तीन चतुर्थांश पाणी चढून झालेलं असतं. सूर्योदयापासून तोपर्यंत शेत बघायला मोकळा वेळ मिळतो, नंतर भरतीच्या थव्यांकडे जाता येतं आणि संध्याकाळी बंदरावर पुन्हा ओहोटी सापडते. तिन्ही गोष्टी एका दिवसात बसतात.

अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. बराच चिखल उघडा राहतो आणि थवे एकत्र यायचं कारणच उरत नाही. त्या दिवशी जायचंच असेल तर शेत आणि बंदर एवढंच ठेवा.

तपासा: खाडीच्या मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मुखाच्या आणि आतल्या वेळेत अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. वेळापत्रक कुठल्या जागेचं आहे ते बघा आणि आपल्या जागेचा फरक एकदा स्वतः घड्याळ लावून टिपून ठेवा. तो पुढे वर्षानुवर्षं कामाला येतो.

२. आदल्या दिवशी तीन जागा पक्क्या करा

पहाटे अंधारात जागा शोधण्यात दिवसाचा सर्वांत चांगला तास वाया जातो. आदल्या दुपारी फिरून या तीन जागा ठरवा.

पहिली जागा म्हणजे शेताचा पट्टा. नुसती कोरडी भातखाचरं बघून थांबू नका. चांगल्या पट्ट्यात तीन प्रकारची जमीन जवळजवळ असते: उघाडीजवळची ओल, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या दारापाशी साचलेलं पाणी; कापून कोरडी पडलेली, खुंट उभे असलेली खाचरं; आणि भातानंतर ओलीवर पेरलेले वाल, चवळी, कुळीथ किंवा अलिबागकडे पांढरा कांदा. तिन्हींत पक्षी वेगळे. शेजारी गवताळ पडीक खार असेल तर आणखी उत्तम.

दुसरी जागा भरतीच्या विसाव्याची. बंदिस्तीच्या आतलं उघडं पाणथळ, मिठागर, रिकामा कोळंबी-तलाव, खाडीमुखाजवळचा उंच वाळूचा दांडा, कांदळवनाच्या कडेची मोकळी जागा. उपग्रह नकाशावर या जागा दिसतात, पण त्यांत पाणी किती आहे हे नकाशा सांगत नाही. चिखलात पायांच्या ठशांची गर्दी, पिसं आणि पांढरी विष्ठा दिसली की पक्षी इथे रोज येतात असं समजा.

तिसरी जागा बंदर. तिथे एकच प्रश्न विचारायचा: होड्या कधी लागतात आणि लिलाव किती वाजता? हर्ण्याला मोठा लिलाव संध्याकाळी किनाऱ्यावर भरतो, काही बंदरांत पहाटेच काम उरकतं. आठवड्यातला सुट्टीचा वार गावागणिक वेगळा. वाऱ्याचा इशारा असेल तर बोटी बाहेरच पडत नाहीत. जेटीवरच्या तांडेलांना किंवा मच्छीमार सोसायटीत विचारलं की खरं उत्तर मिळतं, इंटरनेटवर मिळत नाही.

तपासा: तिन्ही ठिकाणी सूर्य कुठे असेल ते ठरवा. कोकणात समुद्र पश्चिमेला. सकाळी पश्चिमेकडे तोंड केलं की ऊन पाठीशी, म्हणून शेतात पूर्वेच्या टोकाला सुरुवात करून खाडीकडे चालत जा. संध्याकाळी हेच उलटतं. काठावर उभं राहून समुद्राकडे बघितलं तर प्रत्येक कुरव काळा दिसतो.

परवानगी: शेत कोणाचं आहे ते विचारा आणि "दादा, बांधावरून पक्षी बघत गेलं तर चालेल ना?" एवढं बोलून ठेवा. वालाच्या शेतात कापणी झाल्यासारखी मोकळी माती दिसते, पण खाली बी उगवत असतं. बांध सोडून आत पाय टाकू नका. बेडं, म्हणजे कुंपणाचं दार, उघडलं तर लावून घ्या.

३. सामान

दुर्बीण ८×४२. दहापट दुर्बीण हातात हलते आणि शेतात उडत्या पक्ष्यामागे फिरवायला जड जाते. विसाव्याच्या थव्यांसाठी २० ते ६० पटींचा स्पॉटिंग स्कोप आणि न डुगडुगणारा तिपाया हवा. स्कोप नसेल तर हा भाग रद्द करू नका, ३०० मिलिमीटर किंवा जास्त लांबीची लेन्स असलेला कॅमेरा बराचसा त्याचं काम करतो. छापलेलं क्षेत्र-पुस्तक, वही, पेन्सिल, टोपी, दोन लिटर पाणी, ओळखपत्र. पायात चिखलात न निघणारे, पट्टा असलेले सँडल किंवा गमबूट. कपडे मळकट रंगाचे, पांढरा शर्ट नको.

४. पहाटे शेत: सूर्योदय ते साडेआठ

डिसेंबर-जानेवारीत कोकणात सूर्य सात वाजण्याच्या आसपास उगवतो. त्याच्या पंधरा मिनिटं आधी पट्ट्याच्या पूर्वेच्या टोकाला उभे राहा. यावेळी जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, हवा स्थिर असते आणि आवाज लांबून येतात. दिवसभरात ऐकायला याहून चांगली वेळ नाही.

पहिली दहा मिनिटं चालू नका. भोवत्या, म्हणजे हॅरियर, रात्री गवतात विसावतात आणि उजाडताच निघतात. कमी उंचीवरून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला की तो हाच. गडद तपकिरी अंग आणि पिवळसर-पांढरं डोकं असेल तर दलदली भोवत्याची मादी किंवा पिल्लू. पांढरा कंबरपट्टा असलेल्या तपकिरी माद्यांत माँटेग्यू आणि पॅलिड यांचा घोळ होतो. तिथे मानेभोवतीची फिकट पट्टी बघा. पॅलिडची पट्टी ठळक असते आणि तिच्यामागे गडद पट्टा असतो. हे दिसलं नाही तर नुसतं "भोवत्या" लिहा.

मग चाला, पण सलग नाही. बांधावरून शंभर पावलं, तीन मिनिटं थांबा, पुन्हा शंभर. कोरड्या खाचरांत तिरचिमण्या आणि चंडोल मातीच्या रंगात मिसळून बसलेले असतात. चालताना ते दिसत नाहीत, थांबल्यावर हलतात आणि सापडतात. तिरचिमणी पळते, थांबते, शेपूट हलवते. चंडोल ठेंगणा आणि जाड चोचीचा. काही चंडोलांना तुरा असतो, पण तो नेहमी उभा नसतो. झाडांखाली, आंब्याच्या कलमांच्या कडेला तिरचिमणी दिसली तर ती वृक्ष तिरचिमणी असण्याची शक्यता जास्त, उघड्या खाचरात मात्र धान तिरचिमणी आधी गृहीत धरा. गप्पीदास आणि खाटीक कुंपणाच्या काटक्यांवर उंच बसतात, ते शोधायला वेगळे कष्ट नाहीत.

ओलीच्या जागेवर गती आणखी कमी करा. पिवळे धोबी इथेच गुरांच्या पायांशी फिरतात. पाणलावा, म्हणजे स्नाइप, खुंटांमध्ये बसून राहतो आणि पाय अगदी जवळ पडला की "च्यॅक" करून वाकडातिकडा उडतो. त्याला उडवत जाऊ नका. कडेला पंधरा मिनिटं उभं राहिलं की तो स्वतःच चिखलात चोच खुपसायला बाहेर येतो. आपोआप उडालाच तर पंखाची मागची कड बघा. तिथे स्वच्छ पांढरी रेघ असेल तर साधा पाणलावा, रेघ जवळजवळ नसेल आणि पंखाची खालची बाजू सगळी गडद असेल तर पिनटेल पाणलावा.

भारीट आणि भोरड्यांचे थवे सूर्य वर आल्यावर हलतात. भारीट खळ्यापाशी किंवा भाताच्या उडव्यांभोवती उतरतात. थंडीत काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारीटांच्या माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. थव्यात एक-दोन नर स्पष्ट दिसले म्हणून सगळा थवा त्याच नावावर लिहिणं ही नेहमीची चूक आहे. नर मोजा, बाकीचे "भारीट" म्हणून वेगळे ठेवा.

सावधान: पक्ष्यांना बाहेर काढायला मोबाइलवर आवाज लावू नका. थंडीत हे पक्षी दिवसभर खाऊन वजन राखत असतात, प्रत्येक खोट्या हाकेला उत्तर द्यायला ते खाणं सोडतात.

५. भरतीचा विसावा: पूर्ण भरतीच्या दोन तास आधीपासून

इथे पोचायला उशीर झाला तर दिवसाचा मोठा भाग गेला. आधी पोचून स्थिर बसलं की थवे तुमच्याभोवती येऊन उतरतात. थवे बसल्यावर तुम्ही आलात तर ते उठतात. लपण, बंदिस्तीचा उतार, झुडूप काहीही आड घ्या आणि कमीत कमी शंभर मीटर अंतर ठेवा. विसावलेले पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून येतो आणि सूर्यही तिकडेच असतो. त्यामुळे पूर्वेला जागा घेतली तर चेहरे आणि छाती उन्हात दिसतात.

पक्षी अस्वस्थ होत आहेत हे ओळखायला शिका. झोपलेल्यांनी पंखातून चोची काढणं, माना ताठ करणं, सगळ्यांनी एकाच दिशेला पावलं टाकणं, थवा घट्ट होणं. यातलं पहिलं दिसलं की थांबा, दुसरं दिसलं की मागे व्हा. एकदा उठवलेला थवा भरतीत दुसरी जागा शोधत फिरतो. खाण्याची वेळ नसताना झालेला हा खर्च त्यांना पुढच्या ओहोटीपर्यंत भरून काढता येत नाही.

ओळखताना रंगापासून सुरुवात करू नका. हिवाळ्यात या सगळ्यांचा रंग करडा-तपकिरी असतो. क्रम असा ठेवा: आधी आकार, शेजारच्या ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून. मग चोचीची लांबी आणि वळण. मग पाय. मग खाण्याची पद्धत. उडताना पंखावरची पट्टी आणि कंबर. रंग सर्वांत शेवटी.

नेहमी फसवणाऱ्या जोड्या:

कोरल (कर्ल्यू पक्षी) आणि व्हिम्ब्रेल. दोघांची चोच खाली वळलेली. कोरल मोठा, चोच अतिशय लांब. व्हिम्ब्रेलची चोच तुलनेने आखूड आणि डोक्यावर फिकट-गडद पट्टे. पट्टे दिसेपर्यंत नाव लिहू नका.

दोन पाणटिवळे. काळ्या शेपटीचा पाणटिवळा गोड्या-खाऱ्या चिखलात आणि शेतात, चोच सरळ, उडताना पंखावर रुंद पांढरी पट्टी. पट्टेरी शेपटीचा वाळूच्या किनाऱ्यावर, चोच किंचित वर वळलेली, पंखावर पांढरी पट्टी नाही.

ग्रीनशँक आणि मार्श सँडपायपर. ग्रीनशँकची चोच जाड आणि थोडी वर उचललेली, मार्श सँडपायपरची सुईसारखी बारीक आणि सरळ. अंतर जास्त असेल तर मार्श सँडपायपरचे शरीराच्या मानाने लांबलचक पाय बघा.

लहान आणि मोठा सँड प्लोव्हर. पूर्वीच्या लहान सँड प्लोव्हरच्या आता सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जाती मानतात. मोठ्याची चोच लांब आणि जड, पाय हिरवट-पिवळे, उडताना पावलं शेपटीच्या बाहेर दिसतात. लहानाची चोच आखूड, पाय गडद. एकटा पक्षी असेल तर हा निर्णय अवघड, दोन्ही शेजारी असतील तरच सोपा. केंटिश चिखल्या वेगळा काढायला मानेमागची पांढरी पट्टी पुरते, ती सँड प्लोव्हरला नसते.

कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन. चोचीच्या वळणावर भरवसा ठेवू नका, कंबर बघा. कर्ल्यू सँडपायपरची पूर्ण पांढरी, डनलिनच्या मधोमध गडद रेघ.

तपासा: साडेनऊ-दहानंतर उघड्या चिखलावर आणि मिठागरावर हवा थरथरायला लागते. स्कोप ६० पटींवर नेऊन काहीच सुधारत नाही, ३०च्या खाली आणा. पायाचा रंग थरथरत्या हवेत बदलून दिसतो, त्यावर बेतलेली ओळख अशा वेळी लिहू नका.

सावधान: विसावा बघताना कधीही चिखलात उतरू नका. कोकणातल्या खाड्यांचा गाळ वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत मांडीपर्यंत घेतो. वाळूच्या दांड्यावर गेलाच तर मागच्या वाटेचा सखल भाग आधी बुडतो हे लक्षात ठेवा. ओहोटीनंतरच्या तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने येतं.

६. दुपार

अकरा ते साडेतीनमध्ये पक्षी बघायचा हट्ट धरू नका. ऊन डोक्यावर, खारा वारा सुरू, हवा हलती. नोंदी पूर्ण करा, फोटो चाळा, जेवा, झोपा. फक्त आकाशावर लक्ष असू द्या. ऊन तापल्यावर हवेचे प्रवाह वर जातात आणि ब्राह्मणी घारी व पांढऱ्या पोटाचे समुद्री गरुड उंच घिरट्या घेतात.

७. बंदर: लिलावाच्या एक तास आधी

बंदर ही लोकांच्या पोटापाण्याची जागा आहे. तिथे गर्दी, घाई, बर्फाच्या गाड्या, निसरडी जेटी आणि चाकू असतात. आधी कुठे उभं राहू विचारा, मगच तिपाया मांडा. मासळी निवडणाऱ्या मावशींचे फोटो न विचारता काढू नका. तुमची लेन्स कशाकडे आहे हे त्यांना कळत नाही. काही बंदरांत आणि गोद्यांत छायाचित्रणावर बंदी आहे, तटरक्षक आणि सागरी पोलिसांची ठाणी जवळ असतात. फलक वाचा, ओळखपत्र जवळ ठेवा, ड्रोन आणूच नका.

उजेडाचा प्रश्न असा सोडवा. संध्याकाळी ऊन नैर्ऋत्येकडून येतं. जेटी समुद्रात आत जात असेल तर तिच्या टोकाला जाऊन तोंड परत जमिनीकडे करा. होड्या, किनारा आणि त्यांवर बसलेले कुरव आता समोरून उजळलेले दिसतात. जेटी नसेल तर किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला उभं राहून उत्तरेकडे बघा.

आता कामाचा क्रम. आधी बसलेले पक्षी: नांगरलेल्या होड्यांची छपरं, डोलकाठ्या, तरंगते बोये, ओहोटीने उघडी पडलेली वाळू. बसलेल्या कुरवाचे पाय, चोच आणि डोळा दिसतात, म्हणून ओळख इथेच पक्की करा. मग येणाऱ्या होड्या: मागे लागलेल्या थव्यात पंखांच्या टोकांची रचना दिसते. शेवटी गर्दी, म्हणजे मासळी निवडताना फेकलेल्या तुकड्यांवर पडणारे पक्षी. पहिल्यांदाच या गर्दीत नजर घातली तर काहीही ओळखू येत नाही आणि बहुतेक लोक नेमकं तेच करतात.

थव्यात घारी, कावळे, बगळे, करडे आणि पांढरे समुद्र बगळेही असतात. त्यांना सोडून पुढे जाऊ नका, यादी पूर्ण करायची तर तेही मोजायचे.

८. कुरव आणि सुरय (टर्न)

इथे बहुतेक याद्या चुकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आधी लहान आणि मोठे वेगळे करा. लहान कुरव कावळ्याच्या आसपास, मोठे घारीच्या जवळपास. लहानांत काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा हे दोन नेहमीचे, आणि हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरंच असतं. कानामागे एक गडद ठिपका राहतो, तोही दोघांना. म्हणून डोक्यावरून नाव ठरवायचं सोडून द्या. पंख उघडल्यावर बघा: तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक काळं आणि प्रौढात त्या काळ्यात पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची बाहेरची कड लांब पांढरी. बसलेले असतील तर तपकिरी डोक्याचा थोडा मोठा, चोच जाड, आणि प्रौढाचा डोळा फिकट. एक अडचण ध्यानात ठेवा: पहिल्या वर्षीच्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही गडद असतो. डोळा फिकट असेल तर तो पुरावा, गडद असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

कानामागे ठिपका जवळपास नाही, मान लांब, कपाळ उतरतं आणि चोच लांब दिसते, तो बारीक चोचीचा कुरव.

मोठ्यांत पल्लास कुरव वेगळा काढायला सोपा: आकार सर्वांत मोठा, डोळ्याभोवती गडद छटा, प्रौढाच्या पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळी पट्टी. उरलेल्यांत ह्युग्लिन आणि स्टेप. ह्युग्लिनची पाठ गडद राखाडी, स्टेपची मध्यम. आता इथली चूक बघा. भर उन्हात, ओल्या वाळूच्या चमकेत कोणतीही राखाडी पाठ फिकट दिसते आणि सावलीत गडद. फोटो जास्त उजळला तर हाच पुरावा खोटा ठरतो. म्हणून पाठीची छटा फक्त शेजारी, एकाच उजेडात, एकाच दिशेला तोंड केलेल्या दोन पक्ष्यांत तोलायची. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला चार वर्षं लागतात, त्यामुळे तपकिरी ठिपक्यांची पिल्लं बंदरावर बरीच असतात. त्यांना सरळ "मोठा कुरव, ओळख नाही" लिहा. अनुभवी माणसंही तसंच लिहितात.

सुरयांत चोच आधी. मोठी लाल चोच आणि कुरवाएवढं अंग म्हणजे कॅस्पियन. नारिंगी चोच आणि मागे विस्कटलेला तुरा म्हणजे लहान तुऱ्याचा सुरय. फिकट पिवळी चोच आणि त्याहून मोठं अंग म्हणजे मोठ्या तुऱ्याचा. काळी चोच, टोक पिवळं, तो सँडविच. हे पिवळं टोक लांबून दिसत नाही, म्हणून काळी बारीक चोच दिसली तरी टोक बघेपर्यंत थांबा. आखूड, जाड, पूर्ण काळी चोच म्हणजे गल-बिल्ड, आणि तो पाण्यावर सूर मारण्यापेक्षा चिखलावरून आणि खाचरांवरूनही उडत जाऊन टिपतो. शेतात सकाळी सुरय दिसला तर आधी त्याचाच विचार करा.

९. मोजणी

"खूप", "शेकडो" हे आकडे नव्हेत. थव्याच्या एका कडेला दहा पक्षी एक-एक करून मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात ठेवा आणि तेवढे तुकडे पूर्ण थव्यात किती बसतात ते बघा. थवा मोठा असेल तर तुकडा पन्नासचा घ्या. हे तीनदा करा, मधला आकडा लिहा. थव्याचा मध्य दाट आणि कडा विरळ असतात, फक्त कडेवरून हिशेब केला तर आकडा कमी येतो.

मिश्र थव्यात आधी एकूण मोजा. मग स्कोप एका टोकापासून सरकवत सलग शंभर पक्षी ओळखा आणि जातीनुसार रेघा ओढा. ते प्रमाण एकूणाला लावा. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. आवडते किंवा दुर्मिळ पक्षी निवडून ओळखले तर प्रमाण बिघडतं.

बंदरावर तेच कुरव पुन्हा पुन्हा फिरतात. सगळ्या होड्या लागेपर्यंत बेरीज करत राहू नका. एका वेळी एकत्र दिसलेला सर्वांत मोठा आकडा घ्या.

१०. नोंद

शेत, विसावा आणि बंदर यांच्या तीन वेगळ्या याद्या करा. एकच मोठी यादी केली तर कुठला पक्षी कुठल्या जमिनीवर होता हेच हरवतं. ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकताना सुरुवातीची वेळ, कालावधी, चाललेलं अंतर आणि किती जण होते ते भरा. शेताची यादी चालत केलेली म्हणून नोंदवा. विसाव्याची यादी एकाच जागी बसून, तीस मीटरांच्या आत राहून केली असेल तर स्थिर यादी. दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिला असेल तरच पूर्ण यादीवर खूण करा. जिथे जात पक्की नाही तिथे ईबर्डमध्ये "कुरव जात" असे पर्याय आहेत, ते वापरा. टिप्पणीत भरतीची वेळ आणि ती चढती होती की उतरती, हे लिहा. ही एक ओळ पुढे तुमच्याच नोंदी तुलनेसाठी उपयोगी करते.

पक्षी ओळखणाऱ्या मर्लिनसारख्या ॲपने सुचवलेलं नाव पुरावा धरू नका. कुरवांच्या फोटोंवर ते बऱ्याचदा चुकतं, आणि शेतात आवाजावरून एकाच वेळी अनेक तिरचिमण्या सुचवतं. नाव सुचलं की वर सांगितलेल्या खुणा प्रत्यक्ष बघा.

जाळ्यात किंवा गळात अडकलेला पक्षी दिसला तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. एकाच ठिकाणी बरेच मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका, फोटो आणि जागा देऊन वन विभागाला व पशुसंवर्धन विभागाला सांगा.

पायात रंगीत पट्टी किंवा अक्षरांची फित असलेला पक्षी दिसला तर बाकी सगळं थांबवा आणि तोच बघा. फितीचा रंग, त्यावरची अक्षरं आणि आकडे, ती पक्ष्याच्या डाव्या पायात आहे की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, दुसऱ्या पायात धातूची वळी आहे का, हे सगळं टिपा. डावा-उजवा पक्ष्याचा धरायचा, तुमच्या नजरेचा नाही. तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर बाजू उलटतात, आणि सर्वांत जास्त नोंदी इथेच वाया जातात. पाय पाण्यात असतील तर तो काठावर येईपर्यंत वाट बघा, अंदाजाने अक्षर भरू नका. तारीख, वेळ, जागा आणि मिळाला तर फोटो जोडून ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला पाठवा.